विलंब आणि प्रत्यभिज्ञा

कानावर पडलेला दुसरा ध्वनी पहिल्यासारखाच भासला, तर पहिलाच पुन्हा आला असे म्हणावे, की पहिल्याच्या जातीचा एक नवा ध्वनी जन्मास आला असे म्हणावे, हा प्रश्न आपल्याकडील दर्शनकारांनी इतक्या निकराने लढविला आहे की आज त्यातील पूर्वपक्ष-उत्तरपक्ष वाचताना पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या एखाद्या वतनाच्या दाव्याची कैफियत वाचीत आहोत असा भास व्हावा. मीमांसकांचे म्हणणे असे की, ‘ग’ हा वर्ण काल उच्चारला काय आणि आज उच्चारला काय, एकाने उच्चारला काय आणि दुसऱ्याने उच्चारला काय, ऐकणारा ‘तोच हा गकार’ असे निःशंकपणे ओळखतो. ह्या ओळखीस, म्हणजे प्रत्यभिज्ञेस, कोठेही बाध येत नाही. म्हणून वर्ण नित्य आहे आणि उच्चार त्याला केवळ प्रकट करतो. नैयायिक व वैशेषिक हे कबूल करीत नाहीत. त्यांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण असून तो संयोगापासून, विभागापासून किंवा आधीच्या शब्दापासून उपजतो, तरंगाने तरंग उठवावा त्याप्रमाणे पुढल्या शब्दाला जन्म देतो आणि स्वतः विराम पावतो. कानाशी येऊन पोचतो तो मूळ शब्दाच्या वंशातील अखेरचा वारस. बौद्धांनी तर ह्या दोघांच्याही पायाखालची जमीन काढून घेतली. कापलेले केस पुन्हा वाढले असता आपण ‘तेच केस’ म्हणतो, दिव्याच्या ज्योतीला रात्रभर ‘तीच ज्योत’ म्हणतो, परंतु केस नवे असतात आणि ज्योत क्षणोक्षणी निराळी असते. तेव्हा प्रत्यभिज्ञेच्या दाखल्यावर नित्यत्वाची सनद मिळत नाही, असा त्यांचा निकाल.

ह्या सर्व पंडितांची एक अडचण समान होती, ती अशी की ज्या ध्वनीविषयी वाद चालला होता तो ध्वनी कोणालाही धरून ठेवता येत नव्हता. तो स्मृतीत राही, आणि स्मृती ही वादातील एक पक्षकारच असल्यामुळे तिची साक्ष निर्विवाद मानता येत नसे. विसाव्या शतकाच्या मध्यास ही परिस्थिती पालटली. ध्वनी उतरवून घेणारे, तो राखून ठेवणारे, ठरावीक मुदतीनंतर परत देणारे, आणि ती मुदत कमीजास्त करून त्याची गती व उंची दोन्ही बदलणारे यंत्र निर्माण झाले. इलेक्ट्रॉनिक संगीत करणारे लोक ह्या क्रियेला ‘डिले’ म्हणतात, आणि तिच्या अनेक प्रकारांपैकी ज्यात प्रत्येक पुनरावृत्ती आधीपेक्षा शीघ्र व आधीपेक्षा उंच होत जाते तो प्रकार त्यांना विशेष प्रिय आहे. चमत्कार म्हणून तो कोणालाही मोहवील. परंतु ‘तोच हा’ ह्या निर्णयाची जितकी कठोर परीक्षा ह्या प्रकारात होते तितकी दर्शनकारांच्या कोणत्याही उदाहरणात झाली नसेल, म्हणून ह्या यंत्राला त्या जुन्या दाव्यात साक्षीस बोलावण्याचा येथे विचार आहे.

साक्षीदाराची थोडी माहिती करून घेतली पाहिजे. चुंबकीय टेप एका हेडवरून सरकते आणि ते हेड चालू ध्वनी तिच्यावर लिहिते. काही अंतरावर दुसरे हेड असते, ते लिहिलेले वाचते. दोन हेडांमध्ये पाच सेंटीमीटरांचे अंतर असेल आणि टेप सेकंदाला १९ सेंटीमीटर ह्या रूढ गतीने धावत असेल, तर ध्वनी सुमारे पाव सेकंद उशिरा ऐकू येतो. गती दुप्पट केली की विलंब निम्मा होतो. वाचलेला ध्वनी पुन्हा लिहिणाऱ्या हेडाकडे पाठविला, म्हणजे फीडबॅक दिला, की नकलेची नक्कल आणि तिचीही नक्कल अशी परंपरा सुरू होते. अमेरिकेत १९५९ च्या सुमारास आलेल्या ‘एकोप्लेक्स’ ह्या यंत्रात हेड सरकवून अंतर बदलता येई. जपानच्या रोलँड कंपनीने १९७४ साली काढलेल्या ‘स्पेस एको’मध्ये टेपची गती बदलण्याची सोय होती, आणि जमैकाच्या ली पेरीसारख्या ध्वनिमुद्रकांनी त्या यंत्रालाच वाद्याचा दर्जा दिला. पुढे टेपची जागा संगणकाच्या स्मृतीने घेतली. तेथे ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने एका वर्तुळाकार कोठारात ओळीने मांडले जातात, लिहिणारा दर्शक पुढे चालतो आणि वाचणारा दर्शक त्याच्या मागून येतो. साधन बदलले तरी व्यवहार तोच राहिला: लिहिणारा सदैव वर्तमानात, वाचणारा सदैव भूतकाळात, आणि दोघांमधील अंतर म्हणजे विलंब.

हा विलंब स्थिर आहे तोवर परत येणारा ध्वनी मूळच्याच स्वरात येतो. विलंब बदलू लागला की स्वरही बदलतो, आणि त्याचा हिशेब विलक्षण सोपा आहे. मूळ स्वराला षड्ज मानले आणि दर सेकंदास विलंब अर्ध्या सेकंदाने घटू लागला, तर वाचणारा दीडपट वेगाने चालतो आणि षड्जाच्या जागी पंचम ऐकू येतो. दर सेकंदास पूर्ण एका सेकंदाने घटला, तर वेग दुप्पट होऊन तार षड्ज लागतो. उलट, विलंब सेकंदाला अर्ध्या सेकंदाने वाढू लागला तर स्वर मंद्र षड्जावर उतरतो. सेकंदाला एका सेकंदाने वाढू लागला तर वाचणारा एकाच जागी खिळून राहतो आणि ध्वनी लोपतो. त्याहून वेगाने वाढू लागला तर वाचणारा मागे चालू लागून सगळे उलटे ऐकू येते. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी चढी आणि दूर जाणाऱ्या गाडीची उतरती का वाटते, ह्याचे जे कारण डॉप्लरने १८४२ साली मांडलेल्या सिद्धान्तातून मिळते, ते ह्याहून निराळे नाही: तेथेही ध्वनीला आपल्यापर्यंत पोचण्यास लागणारा विलंब क्षणोक्षणी घटत किंवा वाढत असतो.

आता ही घट एकदाच न करता फीडबॅकच्या प्रत्येक फेरीत केली, तर नक्कल आधीच्या नकलेपेक्षा आखूड आणि चढी होते, तिची नक्कल त्याहून आखूड व चढी, आणि एकदा चढून पुन्हा लिहिला गेलेला स्वर आपोआप खाली येत नाही. घरात पितळेची थाळी हातातून निसटून जमिनीवर गरगरते तेव्हा तिचा खणखणाट आधी सावकाश, मग दाट, मग एकजीव होत चढत जातो आणि एकाएकी थांबतो, तो निसर्गातील ह्याच जातीचा प्रकार. प्रतिध्वनींमधील अंतर प्रत्येक वेळी निम्मे होत गेले, म्हणजे पहिला अर्ध्या सेकंदाने, दुसरा त्यानंतर पाव सेकंदाने, तिसरा त्यानंतर सेकंदाच्या आठव्या हिश्शाने आला, तर गणिताच्या दृष्टीने एका सेकंदाच्या आत अनंत प्रतिध्वनी होऊन जातात. ग्रीक तत्त्वज्ञ झीनो ह्याने गतीविषयी जो पेच घातला होता तो येथे कानाने ऐकता येतो. परंतु कान अनंतापर्यंत जात नाही. सेकंदाला एक ठोका घेऊन त्याची द्विगुणी करीत गेले, तर एक, दोन, चार, आठ इथवर आपण ठोके मोजू शकतो. सोळाच्या सुमारास ते एकमेकांत मिसळू लागतात. बत्तिसावर त्यांचा एक खोल अखंड स्वर झालेला असतो. तो स्वर सप्तकांमागून सप्तके चढत चौदाव्या द्विगुणीला १६,३८४ कंपनांवर पोचतो, आणि पंधराव्या द्विगुणीला, ३२,७६८ वर, मनुष्याच्या कानाच्या हद्दीबाहेर जातो. लय आणि स्वर ह्या दोन वस्तू नसून एकाच पुनरावृत्तीची मंद व शीघ्र अशी दोन रूपे आहेत, हे कार्लहाइन्ट्स स्टॉकहाउझेन ह्या जर्मन संगीतकाराने कोलोनच्या नभोवाणी केंद्रातील स्टुडिओत १९५८ ते १९६० ह्या काळात रचलेल्या ‘कोन्टाक्टे’ ह्या कृतीत उलट दिशेने दाखविले: तेथे एक स्वर उतरत उतरत सुट्या ठोक्यांत फुटतो.

येथे आपल्या वैयाकरणांचा पक्ष ऐकणे उचित होईल, कारण उच्चाराच्या गतीचा प्रश्न त्यांनी इतरांपेक्षा अधिक बारकाईने हाताळला आहे. द्रुत, मध्यम आणि विलंबित अशा तीन वृत्तींनी एकच वर्ण उच्चारला असता वर्ण तीन मानावयाचे की एक, ह्या शंकेचे समाधान करताना पतंजलीने महाभाष्यात भेरीचे उदाहरण दिले आहे: भेरीवर आघात झाला असता एका आघाताचा नाद वीस पावले ऐकू येतो, दुसऱ्याचा तीस, तिसऱ्याचा चाळीस, स्फोट, म्हणजे ध्वनीने प्रकट होणारे शब्दाचे मूळ स्वरूप, तेवढाच राहतो, वाढ होते ती ध्वनीमुळे. भर्तृहरीने वाक्यपदीयात ह्याच विचाराला रेखीव रूप देऊन प्राकृत ध्वनी आणि वैकृत ध्वनी असा भेद केला. शब्दाचे ग्रहण होण्यास जो आवश्यक तो प्राकृत. आणि ग्रहण झाल्यानंतर जो रेंगाळतो व ज्यामुळे द्रुत-विलंबितादी वृत्तींचा भेद भासतो तो वैकृत. सारांश असा की, गती ही शब्दाच्या अंगाला बाहेरून चिकटलेली उपाधी आहे, ती काढून ठेवली तरी शब्दाच्या स्वरूपाला ढका लागत नाही.

मनुष्यकंठाच्या संगीताने ह्या मताला नेहमीच दुजोरा दिला. देवगिरीच्या यादवांच्या, सिंघण राजाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात संगीतरत्नाकर लिहिला. त्यात त्याने लयीची व्याख्या एका क्रियेनंतरच्या विश्रांतीवरून केली आहे. द्रुतापेक्षा मध्य लयीत ही विश्रांती दुप्पट आणि मध्यापेक्षा विलंबितात दुप्पट. लयीचा विनियोग कोणत्या क्रमाने करावयाचा ह्या नियमाला तो यती म्हणतो, आणि प्रारंभी विलंबित, मध्ये मध्य व अखेरीस द्रुत अशा यतीला प्रवाहाच्या ओघावरून स्रोतोगता हे नाव आहे. भजनाच्या शेवटी गजर चढत जातो तो ह्या स्रोतोगतेचाच प्रकार. टाळ-मृदंग कितीही घाईवर आले आणि नामाची आवर्तने कितीही दाट झाली, तरी षड्ज जागचा हलत नाही आणि नामाची अक्षरे एकमेकांत विरघळून जात नाहीत. लय वाढविणे हा गाणाऱ्याचा अधिकार आहे. परंतु त्या अधिकारात स्वर वर सरकविण्याचा हुकूम अंतर्भूत नाही. म्हणून भर्तृहरीला गती ही उपाधी वाटली ह्यात नवल काही नाही. त्याच्यापुढे कंठ होता, आणि कंठात गती व उंची ही दोन खाती अलग ठेवलेली असतात.

टेपने ही दोन खाती एक केली. तेथे शीघ्र करावयाचे म्हणजे चढे करावयाचे, आणि चढे करावयाचे म्हणजे शीघ्र करावयाचे. एकाला हात लावला की दुसऱ्याला धक्का बसतो. ही सक्ती यंत्राची असेल, ध्वनीची नसेल, असा आक्षेप येथे साहजिकपणे निघतो, आणि तो निकालात काढण्यासाठी यंत्रज्ञांनी ती दोन्ही खाती पुन्हा अलग करण्याचे जे प्रयत्न केले त्यांकडे पाहिले पाहिजे. डेनिस गाबोर ह्या मूळच्या हंगेरियन शास्त्रज्ञाने, ज्याला पुढे १९७१ साली होलोग्राफीबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले, १९४६ व १९४७ साली असे प्रतिपादन केले की ध्वनीचे सूक्ष्म कण कल्पावेत, आणि प्रत्येक कणाला काल व कंपनसंख्या अशा दोन्ही बाजूंनी विस्तार असतो. कण कालाच्या बाजूने जितका आखडावा तितका त्याचा स्वर संदिग्ध होतो. असे कण सुटे करून गती न बदलता उंची बदलण्याचे प्रयोगही त्याने केले. पॅरिसच्या नभोवाणीत पिएर शेफरच्या मंडळींनी ‘फोनोजेन’ नावाची यंत्रे बांधली, त्यांपैकी नंतरच्या एकाने फिरत्या हेडांच्या साह्याने हेच साधले. अमेरिकेतील इव्हेंटाइड कंपनीचा ‘हार्मोनायझर’ १९७५ साली बाजारात आला; डेव्हिड बोवीच्या १९७७ च्या ‘लो’ ह्या ध्वनिमुद्रिकेत टोनी व्हिस्कॉन्टीने ढोलाच्या प्रत्येक आघातामागे घसरत जाणारा जो आवाज निर्माण केला तो त्याच यंत्राचा.

ह्या युक्तीचे मर्म तात्त्विक दृष्टीने फार बोलके आहे. वाचणारा दुप्पट वेगाने चालला की तो लिहिणाऱ्याला गाठणार. गाठू नये म्हणून त्याला मध्येच उचलून मागे ठेवावे लागते, आणि सांधा दिसू नये म्हणून एक वाचक मावळत असता दुसरा उगवता ठेवावा लागतो. ह्याचा अर्थ असा की, एका सप्तकाने उंच पण लांबीला तेवढाच असा ध्वनी हवा असेल तर त्याचा प्रत्येक तुकडा सरासरीने दोनदा वाचावा लागतो. आणि एका सप्तकाने खालचा पण तेवढ्याच लांबीचा हवा असेल तर निम्मा ध्वनी टाकून द्यावा लागतो. गती आणि उंची अलग झाल्यासारखी दिसतात ती छुप्या पुनरुक्तीच्या किंवा छुप्या कपातीच्या बळावर; जमाखर्चाचा मेळ बसतो, पण मूळ पावत्यांत फेरफार करून. तेव्हा गती ही शब्दाला बाहेरून लागलेली उपाधी होय हे मत एका मर्यादेपर्यंतच टिकते. कंठाच्या मर्यादेत ते खरे. त्या मर्यादेच्या पलीकडे गती स्वरूपात शिरते, आणि पुरेशी वाढविली असता ‘अनेक’ ठोक्यांचा ‘एक’ स्वर करते. वस्तूची संख्याच जी पालटून टाकते तिला उपाधी म्हणणे कठीण आहे.

मग शीघ्र व उच्च होत गेलेल्या नकलेत ‘तोच’ म्हणण्याजोगे काय उरते? प्रथम पाहता असे वाटते की प्रमाण उरते. सर्व कंपने दुप्पट झाली आणि सर्व अवधी निम्मे झाले, तरी सुरांचे परस्परसंबंध आणि मात्रांचे परस्परसंबंध अबाधित राहतात. चाल तीच आहे हे लहान मूलही सांगेल. पण तोच न्याय मनुष्याच्या आवाजाला लावला की भलतेच घडते. आवाज केवळ स्वराने ओळखला जात नाही. मुखविवराच्या व कंठाच्या आकारमानाने ठरलेली जी अनुनादाची स्थाने असतात त्यांनीही तो ओळखला जातो, आणि टेप वेगाने फिरवली की ती स्थानेही वर सरकतात. १९५८ साली अमेरिकेत ‘चिपमंक’ ह्या कल्पित खारींच्या आवाजातील गाण्यांनी जी मौज उडविली ती ह्याच कारणाने: शब्द कळतात, चाल कळते, परंतु गाणारा प्रौढ पुरुष नाहीसा होऊन त्याच्या जागी चिमुकला प्राणी आलेला असतो. शब्द तोच, चाल तीच, माणूस निराळा. म्हणजे ‘तोच हा’ हा निर्णय एक नसून त्याचे थर आहेत, आणि वेग हे थर एकामागून एक उतरवीत जातो: आधी व्यक्ती जाते, मग शब्द जातो, मग चाल जाते, मग ठोक्यांचे वेगळेपण जाते, आणि शेवटी स्वर कानाच्या हद्दीबाहेर गेला की ‘तो’ही उरत नाही आणि ‘हा’ही उरत नाही. नैयायिक म्हणतील, आम्ही प्रारंभापासून हेच सांगत होतो की प्रत्येक शब्द नवा. परंतु नव्या शब्दांची मालिका मानल्याने आमचा प्रश्न सुटत नाही, कारण मालिकेतील दुव्यांचे वेगळेपण विशिष्ट वेगावर नष्ट होऊन तेथे एकच स्वर का अनुभवास यावा, ह्याचे उत्तर मालिकेत नाही.

ते उत्तर विलंबात आहे असे मला वाटते. स्वर म्हणून ज्याला आपण एकसंध मानतो त्याच्या पोटात डोकावले तर तेथेही पुनरावृत्तीच सापडते. सेकंदाला ४४० कंपनांचा स्वर म्हणजे दर ४४० व्या हिश्शाला तीच आकृती परतणे; आकृती एकदाच येऊन गेली तर केवळ ठोका ऐकू येतो, ती पुरेशा वेळा परतली तरच स्वर लागतो. गाबोरने दाखविलेली आखूड ध्वनीची संदिग्धता हीच. ह्याचा उलट दाखला केव्हिन कार्प्लस व अ‍ॅलेक्स स्ट्राँग ह्यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या रीतीत मिळतो. निव्वळ खरखर, जिच्यात कोणताही स्वर नाही, अतिशय आखूड विलंबाच्या फेऱ्यात टाकावी, प्रत्येक फेरीला ती किंचित मऊ करावी, आणि तेवढ्यानेच छेडलेल्या तारेचा स्पष्ट स्वर उमटतो. त्या खरखरीत बाहेरून घातलेला स्वर कोणताच नव्हता. विलंबाने तीच तीच खरखर परत आणली, आणि परतण्याने स्वर झाला. म्हणजे ज्याला आपण एक म्हणतो तेही आपल्या जाणिवेखाली उरकलेले असंख्य ‘तोच हा’ होत. ज्या विलंबाची जाणीव होते तेथे आपण दोन ध्वनी ऐकून त्यांचे ऐक्य ओळखतो. जो विलंब जाणिवेखाली राहतो तेथे ऐक्यच ऐकतो आणि दोनपण विसरतो. परंतु विलंब अगदी शून्य झाला, तर ओळखण्यास दुसरा उरत नाही, आणि म्हणून पहिल्यालाही ‘तोच’ म्हणता येत नाही.

येथे भर्तृहरीच्याच दुसऱ्या एका विचाराचा आधार मिळतो, आणि तो वृत्तीविषयक मतापेक्षा मला अधिक खोल वाटतो. कालसमुद्देशात त्याने कालशक्तीची दोन कार्ये सांगितली आहेत, प्रतिबंध आणि अभ्यनुज्ञा. जे सर्व एकदम प्रकट झाले असते त्यातील काही ती अडवून धरते आणि काहीला येण्याची परवानगी देते. ह्या अडविण्या-सोडण्यातून क्रम उत्पन्न होतो. डिलेच्या यंत्रात ह्यापेक्षा निराळे काही चालत नाही. लिहिणारे हेड आणि वाचणारे हेड ह्यांच्यामधील टेप म्हणजे मूर्तिमंत प्रतिबंध. वाचणारे हेड म्हणजे अभ्यनुज्ञा. प्रतिध्वनी शीघ्र करणे म्हणजे प्रतिबंध कमी करून अभ्यनुज्ञा वाढविणे, आणि येथेच यंत्राची एक अटळ मर्यादा उघडी पडते. हाती चार सेकंदांचा विलंब शिलकेत असेल, तर त्यावर पंचम आठ सेकंद टिकतो, तार षड्ज चारच सेकंद. नंतर वाचणारा लिहिणाऱ्यास गाठतो, शिल्लक संपते, आणि स्वर मुकाट्याने मूळ पट्टीवर येतो. शून्याच्या खाली विलंब नेता येत नाही, कारण जे अद्याप लिहिलेच गेले नाही ते कोणते हेड वाचणार? उलट दिशेस मात्र अशी भिंत नाही. मंद स्वरासाठी विलंब वाढवावयाचा, आणि कोठार पुरेल तेवढा तो वाढविता येतो. भूतकाळाला घाई करता येते ती साठविलेल्या विलंबाच्या खर्चाने. आणि तो साठा मुळात कोणी तरी थांबून केलेला असावा लागतो.

कोणी म्हणेल की अखंड चढत राहणारा स्वर तर ऐकू येतो. बेल प्रयोगशाळेत रॉजर शेपर्डने १९६४ साली असे स्वर रचले की ज्यांचा चढ संपत नाही. जाँ-क्लोद रिसे ह्याने तो चढउतार सलग केला, तसाच अखंड द्रुत होत जाणारा ताल निर्माण केला, आणि हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बच्या विषयावरील १९६८ च्या संगणकीय रचनेत तळ न लागणारे पतन ऐकविले. परंतु ह्या रचनांची घडण तपासली तर असे दिसते की वरचा थर गुपचूप क्षीण करून टाकला जातो आणि खालून नवा थर तितक्याच गुपचूपपणे आत घेतला जातो. अनंत वेग कोठेही नाही. जुन्याला रजा आणि नव्याला नेमणूक देणारी चोख व्यवस्था आहे. ह्यात ‘तोच स्वर चढत आहे’ असा जो प्रत्यय येतो तो बौद्धांच्या ज्योतीचा अत्यंत शुद्ध नमुना होय, आणि प्रत्यभिज्ञा फसू शकते ही त्यांची तक्रार येथे पूर्णपणे शाबीत होते.

तेव्हा मीमांसकांचा मूळ दावा कोठे राहिला? ‘तोच हा गकार’ ही ओळख खरी आहे, तिला कोणी नाकारीत नाही. पण तिच्या जोरावर शब्द कालाच्या पलीकडचा ठरवावा, तर ती ओळख स्वतःच कालाचा कर भरल्यावाचून पदरात पडत नाही. ‘तो’ आणि ‘हा’ ह्यांत अंतर हवे, आणि ते अंतर कोणी तरी धरून ठेवलेले हवे. विलंबावर उभ्या असलेल्या प्रमाणाने विलंबातीत वस्तू सिद्ध होणार नाही. फार तर एवढे सिद्ध होईल की, जो ओळखतो तो त्या अंतराच्या दोन्ही तीरांवर कोणत्या ना कोणत्या रीतीने हजर होता. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात क्षणिकवाद्यांविरुद्ध अनुस्मृतीचा जो मुद्दा मांडला आहे तो हाच. पूर्वी ऐकणारा आणि आता आठवणारा एक नसेल, तर ‘मी तेच ऐकीत आहे’ ह्या वाक्याला कर्ताच राहत नाही.

यंत्राची साक्ष ह्याहून पुढे नेता येत नाही, आणि ती कोठे थांबते हे पाहण्यातही लाभ आहे. टेप दोन्ही तीरांवर हजर असते. आचार्यांनी मागितलेले सातत्य तिच्यापाशी आहे. पहिला ध्वनी ती माणसाच्या स्मृतीपेक्षा कितीतरी निष्ठेने सांभाळते. तरीही ती ‘तोच हा’ म्हणत नाही. धारण करणे आणि ओळखणे ह्यांत भेद आहे, धारणेवाचून ओळख होत नाही, पण धारणा झाली म्हणजे ओळख झाली असे नाही. हा भेद भरून काढणारा कोण, ह्या ठिकाणी वेदान्ती साक्षी चैतन्य सांगतील, बौद्ध कार्यकारणांनी बांधलेला संतान सांगतील, आणि त्या दोघांमधील तंटा टेपचा तुकडा दाखवून मिटणारा नाही. परंतु दोघांनाही एक अट आता मान्य करावी लागेल. चैतन्य मानले तरी त्याच्यापुढे प्रतिबंध ठेवणारी शक्ती मानावी लागेल, आणि संतान मानला तरी त्याच्या क्षणांना एकमेकांपासून दूर राखणारे काही मानावे लागेल. कारण सर्व क्षण एकदम आले किंवा एकच क्षण असला, तर ना चाल ओळखू येईल, ना शब्द, ना बोलणारा मनुष्य. विलंबाला आपण ज्ञानाचा अडथळा समजतो, आणि जितक्या लवकर तो दूर होईल तितके ज्ञान निर्मळ होईल अशी आशा धरतो. चढत जाणाऱ्या प्रतिध्वनीने ती आशा तिच्या तार्किक टोकापर्यंत नेऊन पाहिली आहे, आणि त्या टोकाला ऐक्य मिळत असले तरी ते ऐक्य आहे हे जाणण्याची जागा तेथे राहत नाही.